लोकशाहीर वामनदादा कर्डक : जीवन, गीत आणि प्रबोधनकार्य

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विचार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कसा पोहोचला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना केला, तर बहुतेक जण ग्रंथांची, वृत्तपत्रांची आणि सभांची नावे सांगतात. हे उत्तर चूक नाही, पण ते अपुरे आहे. 'मूकनायक' १९२० साली निघाले, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघाले. परंतु ज्यांच्यासाठी ही पत्रे निघाली त्यांच्यापैकी किती जणांना वाचता येत होते? १९५१ च्या जनगणनेतसुद्धा संपूर्ण देशाची साक्षरता शेकडा अठराच्या आसपास होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर अक्षर ओळखणारा माणूस शोधावा लागे. त्या वस्तीत विचार पोहोचला तो मुख्यतः कानावाटे, आणि कानावाटे नेणारे वाहन होते गाणे. या गाण्याच्या परंपरेतील सर्वांत मोठे नाव म्हणजे लोककवी, लोकशाहीर वामनदादा कर्डक. त्यांची गाणी आपण प्रत्येक जयंतीला ऐकतो. त्यांचे जीवन मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून हा अभ्यासलेख.

जलशाची पार्श्वभूमी

वामनदादा एकाएकी उगवले नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाची ढोलकी, तुणतुणे आणि सवाल-जवाब तेच. पण वगातील विषय बदलले. भटशाही, सावकारी, अज्ञान यांच्यावर बोट ठेवले जाऊ लागले. याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसा आला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्या काळात नाशिक जिल्ह्यात जे जलसे उभे राहिले, त्यांत शाहीर भीमराव कर्डक यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या सभांनी जे काम होत नाही ते कर्डकांचा जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे जुनी माणसे सांगतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भीमराव कर्डक आणि वामन कर्डक हे दोन वेगवेगळे कलावंत होत. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, दोघेही शाहीर, म्हणून अनेकदा घोटाळा होतो. भीमराव आधीच्या पिढीतले; त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले आहे. वामनदादा त्यांच्यानंतरच्या पिढीतले.

जलशाचे विषय कोणते असत? मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, गावकीची महारकी सोडा, मुलांना शाळेत घाला, दारू टाका, लग्नात कर्ज काढू नका. आज हे साधे वाटते. पण वतन सोडणे म्हणजे घरातली हक्काची भाकरी सोडणे होते. ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. त्याच्या कितीतरी आधी, रात्री बत्तीच्या उजेडात, ढोलकीच्या तालावर ही कठीण गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्याचे काम जलशाने केले.

जन्म आणि बालपण

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. सिन्नर तालुका हा कमी पावसाचा, कोरडवाहू शेतीचा मुलूख. घरात दारिद्र्य पाचवीला पुजलेले. गुरे राखणे, लाकूडफाटा गोळा करणे, मिळेल ती मजुरी करणे यात बालपण गेले. शाळेचा उंबरठा त्यांच्या वाट्याला आला नाही. मात्र गावच्या तमाशातली, जात्यावरची, भजनातली गाणी कानांवर पडत होती. ज्या मुलाला पाटी मिळाली नाही, त्याचा कान मात्र तयार होत होता.

पोटासाठी त्यांनी मुंबई गाठली. त्या काळी नाशिक, नगर, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतून आपले असंख्य बांधव गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला येत असत. वामनदादांनीही गिरणीत, कोळशाच्या वखारीत, जेथे मिळेल तेथे अंगमेहनतीचे काम केले. शिवडीच्या चाळीत त्यांचा मुक्काम होता.

एका पत्राची गोष्ट

वामनदादांच्या जीवनाला कलाटणी देणारा प्रसंग अगदी साधा आहे. चाळीतल्या एका माणसाने त्यांच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. अंगावर कपडे नीटनेटके, बोलणे चांगले. त्या माणसाला वाटले, हा शिकलेला असणार. वामनदादांना एक अक्षरही वाचता येत नव्हते. त्यांना रडू कोसळले. त्या वेळी ते विशीच्या उंबरठ्यावर होते.

पण ते रडून थांबले नाहीत. देहलवी नावाच्या गृहस्थांकडून त्यांनी मुळाक्षरे समजून घेतली. मग रस्त्याने जाता-येता दुकानांवरच्या पाट्या वाचायच्या, अक्षराला अक्षर जोडायचे, असा अभ्यास चालू झाला. मुंबईचा रस्ता हीच त्यांची शाळा झाली. बाबासाहेबांनी 'शिका' हा मंत्र दिला. तो वामनदादांनी प्रथम स्वतःवर चालवून पाहिला आणि मगच लोकांना सांगितला. त्यामुळे शिक्षणावरच्या त्यांच्या गाण्यांना उपदेशाचा कोरडेपणा नाही.

याच सुमारास समता सैनिक दलाशी त्यांचा संबंध आला. मुंबईतील सभांतून त्यांनी बाबासाहेबांना पाहिले, ऐकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले. एका लोकप्रिय हिंदी गाण्याच्या चालीवर केलेले ते विडंबन होते. लोकांनी दाद दिली, आणि कामगार वामन कर्डक शाहीर झाला. अक्षरओळख आणि पहिले गाणे यांत किती थोडे अंतर आहे, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

रंजन आणि प्रबोधन

वामनदादांकडे शृंगारिक, विनोदी, लोकरंजक गीत लिहिण्याची उत्तम हातोटी होती. १९५९ साली गाजलेल्या 'सांगते ऐका' या चित्रपटात त्यांचे गीत आहे आणि ते आजही लोकांच्या ओठांवर आहे. पण त्यांचे सारे आयुष्य गेले ते वस्तीच्या पटांगणात, समाजमंदिरासमोर, जयंतीच्या मांडवात.

मग रंजन त्यांनी टाकून दिले काय? तसे नाही. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री गाण्याला बसतो तो प्रथम मन रमवायला. त्याला आधी हसवले पाहिजे, ताल धरायला लावले पाहिजे. मग विचार सांगितला तर तो ऐकतो. वामनदादांना हे अचूक कळले होते. त्यांच्या रचनेची काही वैशिष्ट्ये अशी :

१) भाषा घरातली, शेतातली. आई, भाकर, विहीर, नांगर, वादळ असे रोजचे शब्द. अवघड शब्द जवळपास नाहीत.

२) मुखडा छोटा आणि ठसठशीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी साथ धरता येते. श्रोता हाच कोरस होतो.

३) चाल ओळखीची. लोकगीत, कव्वाली, कधी चित्रपटगीत. चाल शिकवावी लागत नाही, म्हणून शब्द लवकर पाठ होतात.

४) शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' ही नाममुद्रा. संतांच्या अभंगात असते तशीच.

विषयांचा पसाराही मोठा. तथागत बुद्ध, बाबासाहेब, माता रमाई, जोतीराव-सावित्रीबाई यांच्यावर त्यांनी लिहिले. त्याचबरोबर देशाच्या संपत्तीत कष्टकऱ्याचा वाटा कोठे आहे, असा रोखठोक प्रश्नही त्यांनी भांडवलदारांची नावे घेऊन विचारला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरक्या झालेल्या समाजाला धीर देणे आणि नव्या धम्माचा अर्थ सोप्या शब्दांत सांगणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागणार होती. गावोगावच्या गायकांनी ती केली. वामनदादा त्यांच्या अग्रभागी होते. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच त्याला फुटीने ग्रासले. नेत्यांच्या या भांडणावर वामनदादांनी गाण्यातून कठोर शब्दांत बोट ठेवले. आपल्याच माणसांना आरसा दाखवणे हे शत्रूवर टीका करण्यापेक्षा अवघड असते.

वैयक्तिक आयुष्य आणि सन्मान

हा माणूस लोकांना हसवत होता, पण त्याच्या घरात सुख नांदले असे नाही. पहिला संसार टिकला नाही. लहानगी मुलगी दगावली. पुढे शांताबाईंनी त्यांना साथ दिली. सततची भटकंती, आर्थिक ओढाताण, रात्रीची जागरणे हेच त्यांचे जीवन होते. हजारो गाणी त्यांनी रचली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याला विशीपर्यंत पत्र वाचता येत नव्हते तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला! १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपले कर्तव्य

आता थोडे आपल्याविषयी. जयंतीच्या कार्यक्रमात वामनदादांचे गाणे होते, टाळ्या पडतात, गायकाला बक्षीस मिळते; पण कवीचे नाव निवेदक घेत नाही. वेळ नाही म्हणून शेवटचा अंतरा गाळला जातो, आणि नाममुद्रा नेमकी त्याच अंतऱ्यात असते. अंतरा गेला की नाव गेले. दहा-वीस वर्षांनी तेच गाणे 'पारंपरिक' म्हणून किंवा दुसऱ्याच कोणाच्या नावावर चालू लागते. ज्या समाजाचे श्रम शतकानुशतके बिननावाचे राहिले, त्याने आपल्याच कवीचे नाव पुसावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

दुसरे असे की, वामनदादांबरोबर गाणारे, त्यांच्यामागे कोरस धरणारे, ढोलकी वाजवणारे कितीतरी कलावंत गावोगावी होऊन गेले. त्यांच्या गाण्यांच्या वह्या घरातल्या पेटीत, माळ्यावर पडून आहेत. काहींना वाळवी लागली असेल. ही वही म्हणजे आपला इतिहासच आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अशा वह्या शोधून त्यांची प्रत काढून ठेवावी. घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून गाणी म्हणवून घ्यावीत. हे काम करायला फार पैसा लागत नाही, सवड काढावी लागते. तसेच कलावंताला 'समाजाचे काम आहे' एवढे सांगून रिकाम्या हाताने परत पाठवण्याची रीत आपण सोडली पाहिजे. मांडवाला पैसे असतात, आवाजाच्या भिंतींना असतात. शाहिरालाही असले पाहिजेत.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) सत्यशोधक जलसा आणि आंबेडकरी जलसा यांत साम्य काय आणि नवे काय?

२) वृत्तपत्र जेथे पोहोचत नव्हते तेथे गाणे का पोहोचले?

३) रंजनाशिवाय प्रबोधन होऊ शकते काय? आपल्या गावच्या कार्यक्रमातील उदाहरण देऊन सांगा.

४) आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना येणारी पाच गाणी शेवटच्या अंतऱ्यासह उतरवून काढा आणि कवीचे नाव शोधा.

विद्यार्थी मित्रहो, शेवटच्या प्रश्नाला मात्र सर्वांनी उत्तर लिहावे. आजी-आजोबा आहेत तोवरच ते लिहिता येईल. वामनदादांना आदरांजली वाहण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!