लॅपटॉपवर सांडलेला चहा व मीठफुटीचें रान

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी 1885 सालापासून बारामती व इंदापूर तालुक्यांत खेळूं लागलें, आणि कालांतरानें सखल रानांत पांढरें मीठ फुटूं लागलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. डॉ. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनीं 1910 सालीं नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. ही गोष्ट ज्यास रानानें शिकविली आहे, त्यास लॅपटॉपवर चहा सांडल्यास काय करावें हें समजणें कठीण नाहीं. तथापि आम्ही स्वतःच हा धडा विसरलों, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या लॅपटॉपवर अर्धा पेला चहा उलटला. पडद्यावर फरक दिसेना, सबब वरून पुसून आम्हीं काम तसेंच चालूं ठेविलें. सायंकाळीं यंत्र बंद करून दोन दिवस उन्हांत ठेविलें. एका स्नेह्याच्या सांगण्यावरून तांदळांतहि पुरलें. तिसऱ्या दिवशीं तें सुरळीत चाललें. आठव्या दिवशीं अक्षरें उमटेनाशीं झालीं व दहाव्या दिवशीं तें सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्यानें तळ उघडून दाखविला, तेव्हां आंतील मुख्य पट्टीवर हिरवट-पांढरीं पुटें चढलेलीं होतीं. आमच्या ओढ्याकांठच्या पट्टीचेंच तें चित्र! सहा हंगामांच्या माती-पाणी परीक्षणाचे आंकडे व उसाच्या वजनांचा हिशेब त्यांत होता, आणि दुसरी प्रत आम्हीं ठेविली नव्हती.

शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाहीं. विहिरीच्या पाण्याच्या दाखल्यावर विद्युतवाहकतेचा आंकडा असतो. तो जितका मोठा, तितके क्षार अधिक. यंत्रावर सांडतें तें पाणी शुद्ध क्वचितच असतें. दुधाचा चहा, उसाचा रस, ताक, खारें विहीरपाणी. आणि सर्वांत वाईट म्हणजे ठिबकमधून सोडावयाचें विद्राव्य खताचें पाणी, कारण तें क्षारांचेंच द्रावण होय. अशा ओलींत वीज खेळत राहिली म्हणजे तांब्याच्या बारीक रेषा झिजतात, आणि विरघळलेला धातु भलत्याच जागीं जाऊन बसतो. म्हणून आधीं वीज तोडावी, मग निचरा करावा, मग क्षार धुवून काढावेत, आणि वाळविणें सर्वांत शेवटीं. आम्हीं शेवटापासून आरंभ केला.

सांडतांक्षणीं भिंतीवरील बटण बंद करून चार्जर काढावा. बोर्ड किंवा हात ओले असल्यास घराची मुख्य कळच बंद करावी. नंतर लॅपटॉपचें बटण तो पूर्ण बंद होईपर्यंत, सुमारें दहा सेकंद, दाबून धरावें. चालूं काम जतन करण्याचा मोह धरूं नये. जोडलेल्या तारा काढून, यंत्र उघडेंच ठेवून, कळफलक खालीं करून तें पालाप्रमाणें कापडावर उभें करावें, म्हणजे द्रव आंत न मुरतां बाहेर गळेल. जुन्या यंत्रांची बॅटरी बाहेरून निघते. नव्यांत तळ उघडून तिची जोडणी सोडवावी लागते. ज्यास ही माहिती नाहीं त्यानें त्याच दिवशीं जाणत्याकडे जावें. यंत्र बंद असलें तरी बॅटरीची वीज पट्टीपर्यंत उभी असते, बांधापर्यंत आलेल्या पाटाच्या पाण्यासारखी. बॅटरी फुगली किंवा तापली असेल तर तिला हात घालूं नये.

धुण्याचें काम बॅटरी सुटल्यावरच. बाधित पट्टी डिस्टिल्ड वॉटरनें, नंतर नव्वद टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनें मऊ ब्रशानें साफ करतात. नुसत्या अल्कोहोलांत साखर व क्षार नीट विरघळत नाहींत, म्हणून पाणी आधीं. पडदा व बॅटरी यांस हें स्नान घालूं नये; आणि अल्कोहोल पेट घेतें, तेव्हां बिडी दूर ठेवावी. पुढें सावलींत पंख्याखालीं दोन दिवस. कडक ऊन व केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा यांनीं प्लॅस्टिक वांकतें. तांदूळ तर उघड्या हवेहून अधिक ओल ओढीत नाहींत, उलट त्यांची कणी फटींत शिरते.

दुरुस्ती करणाऱ्यास काय सांडलें हें खरें सांगावें. पुष्कळ यंत्रांत ओल लागतांच रंग बदलणारी खूण असते, लपवून उपयोग नाहीं. साधारण वॉरंटींत द्रवानें झालेलें नुकसान बहुधा धरीत नाहींत. अपघाती नुकसानीचें संरक्षण निराळें घ्यावें लागतें.

माहिती सांठविणारी चकती वेगळी बसविलेली असल्यास ती दुसऱ्या यंत्रास जोडून बहुधा वांचवितां येते. आमच्या यंत्रांत ती मुख्य पट्टीसच जडलेली निघाली. आतां दर शनिवारीं आम्ही हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतों. परीक्षणाचे कागदी दाखले धुंडाळून चार हंगामांचे आंकडे पुन्हां उतरविले आहेत. दोन हंगामांचे अद्याप सांपडले नाहींत.