बाळ यायच्या आधी काय आणावं, काय आणू नये?

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी, नांदगावला आली आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. तिच्या मोबाईलमध्ये खरेदीची भली मोठी यादी आहे. दुधाच्या बाटल्या, त्या निर्जंतुक करायचं यंत्र, डायपरचे गठ्ठे, मोहरीची उशी, वॉकरसुद्धा! माझ्या सासूबाई म्हणतात, बाळ हातात येईपर्यंत घरात नवं टोपडंही आणायचं नाही. ही रीत का पडली असेल? आणि खरोखर लागतं तरी काय काय? लाल कांदा विकून पट्टीचे पैसे आले की खरेदीला निघायचं आहे.
– एक वाचक, नांदगाव (जि. नाशिक)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं ऐकू या. त्यांच्या बोलण्यामागे फार मोठं दुःख आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी जवळपास दीडशे बाळं वर्षाची होण्याआधीच जात. प्रत्येक घरात, निदान प्रत्येक भावकीत, असं एखादं बाळ असायचं. आणून ठेवलेली झबली रिकाम्या पाळण्याशेजारी पाहायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून ‘आधी काही आणू नका’. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसं, त्याच्या आत नाव ठेवायचं नाही, हे सगळं त्याच धास्तीतून आलेलं दिसतं. ज्यू कुटुंबांतही बाळाआधी त्याचं सामान घरात न आणण्याची चाल आहे. धास्ती सगळीकडची सारखीच. आज परिस्थिती पालटली आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातला हा आकडा हजारामागे १६ वर आला होता. तरी सासूबाईंच्या मनातली भीती आकड्यांनी जाणार नाही, आणि ती घालवायचा हट्टही नको.

एक मात्र ध्यानात घ्या. जुन्या बायका नवं आणत नव्हत्या, पण तयारी पुरेपूर करत होत्या. सातवा लागला की ट्रंकेतली जुनी धोतरं, मलमलीची लुगडी बाहेर निघायची, धुऊन फाडून त्यांची बाळुती व्हायची, गोधडीला नवे टाके पडायचे. थोरल्या भावंडाचं नाहीतर शेजारच्या बाळाचं अंगावरचं झबलं मागून आणलं जायचं. त्यामुळे सासूबाईंची रीत न मोडताही तुमची बरीचशी तयारी होईल. उलट हे काम त्यांच्याच हाती सोपवा. कुठलं कापड मऊ पडलंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही.

किती सामान लागतं याला माझं माप सोपं आहे : बारशापर्यंतचे बारा दिवस. तेवढ्यापुरतं घरात असलं की झालं. बारशाला आत्या, मावशा, माम्या बाळंतविडा घेऊन येणारच आहेत. झबली-टोपडी, कुंची, दुपटी, खुळखुळे, वाळे, मनगट्या यांचा ढीग लागेल, आणि त्यातले निम्मे कपडे घालायच्या आत बाळाला आखूड होतील. पाळणा तर विकत घ्यायची वस्तूच नव्हे. गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतोच, बारशाला मागून आणा.

या बारा दिवसांत सगळ्यात मोलाची गोष्ट ऊब. तुमची तारीख डिसेंबरअखेरची आहे. निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या पहाटे नांदगावातही दात वाजतात, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात गारठा जास्तच. नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून अंग तापवता येत नाही. अंगात चरबी कमी, आणि शरीराच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. डोक्यातून तर फारच. म्हणून दोन-तीन सुती टोपडी, पायमोजे, पुढून उघडणारी बंदांची पाच-सहा झबली, दोन लोकरी किंवा फ्लॅनेलची दुपटी आणि एक जाडशी गोधडी एवढं हवंच. बटणांची आणि डोक्यातून घालायची झबली पहिल्या महिन्यात घेऊ नका. बाळाची मान धरलेली नसते.

बाळाला थंडी वाजतेय का, हे हातानेच कळतं. तळहाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट ऊन आणि पाय गार लागले तर बाळ गारठायला लागलंय. लगेच आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं घ्या आणि वरून शाल पांघरा. पोटही गार लागलं तर दवाखाना गाठायचा. एक डिजिटल थर्मामीटर मात्र नवा घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. काखेत लावल्यावर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या मध्ये आकडा यावा. मला विचाराल तर तुमच्या मुलीच्या अख्ख्या यादीतली ही एकच वस्तू अशी आहे, जी आजीच्या ट्रंकेत सापडणार नाही आणि तिच्यावाचून चालणारही नाही.

अंघोळीची घाई नको. जन्मल्यावर निदान चोवीस तास बाळाला पाणी लावू नये, नुसतं कोरडं पुसावं. खोली उबदार ठेवायला शेगडी पेटवून दार बंद करण्याचा प्रकार टाळा. धूर आणि कोळशाचा वायू बाळ-बाळंतीण दोघांनाही घातक आहे. धुरीचंही तेच. गरम पाण्याची पिशवी बाळाजवळ ठेवू नका; आधी अंथरूण तापवून घ्या आणि पिशवी काढून मग बाळाला निजवा.

आता कापड. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-आठ वेळा तरी लघवी करतं, शी वेगळी. म्हणजे दोन डझन लंगोट असले की एक खेप वाळेपर्यंत दुसरी हाताशी राहते. जुन्या धोतराचा हातभर लांब-रुंद चौकोन फाडा, कर्णावर दुमडून त्रिकोण करा, मधल्या टोकाची घडी पुढे आणून बाजूच्या दोन टोकांत अडकवा. पिन नको, गाठही सैल. आणि बाळुत्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळू नका. पाय बेडकीसारखे दुमडलेलेच बरे. ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निखळायचा धोका असतो.

ट्रंकेतल्या कपड्यांबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. त्यांत डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची उणीव असते, ती बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला डांबरगोळीच्या वाफेनेही रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. तेव्हा जुनं कापड काढलं की दोनदा गरम पाण्यात धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नका. धुऊन झाल्यावर परत गोळ्यांच्या ट्रंकेत घालू नका, स्वच्छ चादरीत बांधून ठेवा. नवं कापड घेतलंत तरी खळ जाईपर्यंत धुणं आलंच. मालेगाव जवळ आहे, कापड स्वस्तात मिळेल. पण यंत्रमागावरचं सगळंच कापड सुती नसतं. दुकानातच पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. सुती कापड तो पिऊन घेतं, पॉलिस्टरवर बहुधा तसाच राहतो.

डायपरला माझा विरोध नाही. आपल्या तालुक्यात पाणी किती जपून वापरावं लागतं हे मी काय सांगावं. मनमाडला तर नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न आल्याचे उन्हाळे गेले आहेत. अशा घरात धुण्याचा भार बाळंतिणीच्या आईवर, म्हणजे तुमच्यावरच येतो. रात्रीसाठी आणि दवाखान्याच्या फेरीसाठी सगळ्यात लहान मापाचं एक छोटं पाकीट घ्या. गठ्ठा नको, कारण ते माप महिन्याभरात अपुरं पडतं. दिवसा लंगोट, आणि वाळवायला नांदगावचं ऊन. ते तर फुकट आहे.

बाटल्या आणि त्यांचं यंत्र यादीतून खोडून टाका. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे : बाळाच्या पावडरच्या दुधाची आणि दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी. सरकारला कायदा करावा लागला तो उगीच नाही. बाटलीचं बूच, तिचा तळ, सगळीकडे जंतू साठतात, आणि बाटलीच्या सवयीने बाळ अंगावर ओढेनासं होतं. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं, पहिलं पिवळसर घट्ट दूध थेंबही वाया घालवायचं नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. मध, गूळपाणी, गुटी चाटवायची नाही. मध तर वर्षभर नाहीच. काही कारणाने दूध काढून पाजायची वेळ आली तर आपलं बोंडलं आहे, नाहीतर स्टीलची वाटी आणि लहान चमचा, दहा मिनिटं उकळलेला. तो घरात आहेच. पावडरचं दूध डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, आणि तेव्हाच आणायचं. ‘असू द्यावं घरात’ म्हणून आणलेला डबा पहिल्याच रडण्याला उघडला जातो.

डोकं गोल व्हावं म्हणून घेतात ती मोहरीची उशी नको. बाळाला पाठीवर, सपाट घट्ट अंथरुणावर, उशीविना निजवायचं. डोक्याचा आकार मूल बसायला लागलं की बहुतेक वेळा आपोआप सावरतो. वॉकरवर कॅनडाने २००४ साली विक्रीबंदीच घातली. मूल त्यात लवकर चालायला शिकत नाही, पायऱ्यांवरून पडतं मात्र. अंगाला लावायची पावडर नको, ती श्वासात जाते. काजळात शिसं असू शकतं; दृष्टीची तीट कपाळाऐवजी तळपायाला लावली तर सासूबाईही खूश. नाळेला हळद, राख, तेल काही नाही, कोरडी ठेवायची. मालिशला खोबरेल तेल पुरे. झोळीत बाळाला घातलंत तर समोर कुणीतरी बसलेलं हवं, कारण हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. मच्छरदाणी मात्र घ्या.

खरेदीआधी अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना एक गोष्ट विचारा. २०१९ साली राज्य सरकारने पहिल्या बाळासाठी, सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालेल्या आईला ‘बेबी केअर किट’ द्यायचं ठरवलं : बाळाचे कपडे, लहान गादी, टॉवेल, ब्लँकेट, थर्मामीटर, मच्छरदाणी, नखं कापायची कात्री, तेल, असा दोन हजार रुपयांच्या आसपासचा संच. सध्या तुमच्याकडे वाटप चालू आहे का, हे त्याच सांगतील. अशा संचाची सगळ्यांत नावाजलेली परंपरा फिनलंडची. तिथे १९३८ पासून गरीब आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना बाळाच्या सामानाचं खोकं मिळतं, आणि तळाला गादी घालून ते खोकंच बाळाचं पहिलं अंथरूण होतं. अट अशी : गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत आईने तपासणी करून घेतलेली असावी. मला त्या खोक्याहून ती अट जास्त आवडते. आईला दवाखान्यापर्यंत आणणं, हेच त्या सामानाचं खरं काम.

आपल्याकडे हे काम आशाताई करतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळ सांभाळायचं शिकवलं आणि तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आल्यावर जगाने दखल घेतली. त्या धर्तीवर आता देशभर, बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात. वजन, ताप, नाळ, दूध ओढणं, सगळं पाहतात. मुलीचं नाव पुण्याला नोंदवलेलं असेल तर नांदगावच्या आशाताईंना आजच कळवा, नाहीतर या भेटी हुकतील. माहेरी आलेल्या लेकीचं असं होणं फार सोपं आहे.

मग दवाखान्याची पिशवी भरा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्तगटाचे कागद, आधार, बँकेचं पासबुक. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, स्वेटर, कानाला बांधायला रुमाल. बाळासाठी टोपडं, दोन झबली, सहा-सात लंगोट, दुपटं. डिंक, अळीव, खोबरं आणून ठेवा, लाडू मात्र घरी आल्यावर वळले तरी चालतात. बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस सरकारी दवाखान्यात जन्मानंतर लगेच मोफत देतात, ती न घेता निघू नका. जन्माची नोंदही २१ दिवसांच्या आत फुकट होते.

आणि गाडी. नांदगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, पण अडलं तर मनमाडचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मालेगावचं सामान्य रुग्णालय गाठावं लागतं, आणि नाशिक शंभर किलोमीटरच्या पुढे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात जाण्याची, पुढे हलवण्याची आणि परत घरी सोडण्याची गाडी मोफत आहे. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घाला. घरी येताना ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला मोटारसायकलवर बसवू नका, जानेवारीच्या वाऱ्यात तर अजिबात नाही. गल्लीतल्या एका गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा, रात्री-अपरात्री येशील का म्हणून. रक्त लागलंच तर म्हणून, ज्याचा रक्तगट मुलीशी जुळतो अशा एका नातेवाइकालाही सांगून ठेवा. कांद्याची पट्टी आली की सामानावर दोन-अडीच हजारांच्या वर जाऊ नका, आणि उरलेल्यातली मोठी रक्कम मुलीच्या खात्यात तशीच राहू द्या. ती या प्रवासासाठी आणि अडीअडचणीसाठी.