डाल्यात माणूस बसवण्याआधी

शिरपुरातल्या बहुतेक शेतकरी घरांना दोन गाड्या परवडत नाहीत. सोयाबीन, तूर बाजारात न्यायची, खताची पोती आणायची आणि त्याच गाडीने घरच्यांना शेगावला, लोणारला, पोहरादेवीला न्यायचं, अशी आमची गरज. त्यात आता समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून गेला आहे. 2023 साली इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचे दरवाजे पुन्हा उघडले, तेव्हापासून दूरदूरच्या यात्रेकरूंच्या गाड्या गावात थांबतात. घरातली पोरं मोबाइलवर टपावर तंबू लावलेल्या परदेशी गाड्या बघतात आणि म्हणतात, आपल्या पिकअपलाही असंच करून घेऊ. आमच्या घरीही हेच ठरलं. त्या कामात जे समोर आलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण यात काही चुकलं तर ते घरच्यांच्या जिवावर बेततं.

ही हौस नवी नाही आणि तिच्यात वावगंही काही नाही. 1932 साली ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं होतं, असं सांगतात. रविवारी प्रार्थनेला नीट कपड्यांत जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी तिला हवी होती. लू बँट नावाच्या तरुण अभियंत्याने ती आखली आणि 1934 मध्ये ती रस्त्यावर आली. आजच्या साऱ्या घरगुती पिकअपच्या वंशावळीत ती फार वरच्या जागी आहे. त्या बाईची गरज आणि आमची गरज तंतोतंत एक आहे. फरक एवढाच की तिला उत्तर कारखान्यातून मिळालं. बसायची जागा, सांगाडा आणि भार यांचा हिशोब करून ती गाडी घडवली गेली होती. आपण तेच उत्तर वेल्डिंगच्या दुकानात शोधतो.

आमची पहिली गाडी पिवळ्या पाटीची डबल केबिन होती. केबिनमध्ये पाच माणसं, मागे डाला. घरात माणसं जास्त, म्हणून धाकट्या भावाचं म्हणणं पडलं की डाल्यात दोन्ही बाजूंनी बेंच टाकावेत आणि वर पत्र्याची बॉडी बांधावी. वेल्डिंगवाला तयारच होता. ‘कायले घाबरता भाऊ, गावात साऱ्यायच्या गाड्या अशाच हायेत. दोन बेंच ठोकून देतो, सारं घर बसते.’

मी आधी आरसी बुक काढलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. त्यात गाडीचा वर्ग लिहिलेला असतो, मालवाहू की खासगी. बसण्याची क्षमता असते. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, असे दोन आकडे असतात. पुढचं सारं या चार नोंदींवर ठरतं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या गोष्टींशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. समोर लावतात त्या जाड लोखंडी गार्डवरही केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच कारवाई करायला सांगितलं आहे.

दंड भरून माणूस मोकळा होतो. विम्याचं तसं नाही, आणि गावात त्याची कल्पना फार थोड्यांना आहे. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला असेल तर त्याला सक्तीच्या विम्याचं संरक्षण मिळतं. नुसतंच सोबत म्हणून बसलेल्या माणसाला ते मिळत नाही. 2002 मध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. याचा अर्थ नीट समजून घ्या. सोयाबीन घेऊन बाजारात निघालेला शेतकरी आणि त्याच गाडीतून शेगावला दर्शनाला निघालेली त्याची बायको-पोरं, कायद्याच्या नजरेत वेगवेगळी आहेत. अपघात झालाच तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर, म्हणजे त्याच घरावर, येऊ शकतो. माणसं केबिनमध्ये बसली म्हणून हा प्रश्न आपोआप सुटत नाही. विमा कार्यालयात जाऊन आमच्या या वापराला, इतक्या माणसांना पॉलिसी लागू होते का, असं लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. परवान्याची काळजी मात्र नको. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं आहे.

बेंचचा विषय मी तिथेच बंद केला. डाल्यात माणसं बसवण्याचा धोका एका घटनेतूनच कळेल. 11 ऑगस्ट 2025 ला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात पापळवाडीच्या बाया पिकअपमधून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. चढावर गाडी मागे आली आणि खाली कोसळली. कितीतरी घरांतल्या आया-बहिणी गेल्या. डाल्यात बसलेल्या माणसाला पट्टा नसतो, डोक्यावर छप्पर नसतं, धरायला असलं तर फाळका. गाडी कलंडली की माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच गाडी त्याच्यावर येते. त्यात बेंचवर माणसं बसली की वजन वर चढतं, म्हणजे गाडी कलंडायलाही सोपी होते. वेल्डिंगने ठोकलेल्या बेंचला कारखान्यातल्या सीटसारखा आधार नसतो. तो झटक्यात उखडून माणसांवरच येतो.

डाला वरून झाकला तरी माणसं आत बसवू नयेत, याचं आणखी एक कारण आहे. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. पुढून बंद आणि मागून उघडी अशी ताडपत्री असली की तो धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पोरांचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि आपण म्हणतो, गाडी लागली.

आता वजनाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. भावाच्या मनात पत्र्याची बॉडी, मागे झोपायला फळ्या, पाण्याची टाकी, शेगडी, इन्व्हर्टरची बॅटरी असं सारं होतं. 2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला साधारण पावणेसोळा किलो भरतो. लांब डाल्याचं छप्पर आणि तीन बाजू धरल्या तर बारा चौरस मीटर सहज होतात. म्हणजे नुसता पत्राच 190 किलोच्या आसपास, अँगलचा सांगाडा वेगळा. 18 मिलिमीटर प्लायवुडचा आठ बाय चारचा एक ताव 30 किलोच्या वर. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो आणि टाकीचं वजन जवळपास तितकंच. मोठी इन्व्हर्टर बॅटरी 50 किलोच्या पुढे. एकेक वस्तू बघितली तर कुणालाच जड वाटत नाही. पण कायमची बांधलेली बॉडी हंगामातही गाडीवरच राहते, म्हणजे तितकं सोयाबीन दर खेपेला कमी, नाहीतर गाडी तितकी जास्त भरलेली.

म्हणून कागदावरच्या हिशोबावर थांबू नका, गाडी काट्यावर न्या. आधी रिकामी, मग घरची माणसं आणि सामानासकट. पूर्ण गाडीचं वजन घेतलं की फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून घ्या, नंतर फक्त मागची. त्याचं कारण असं, की मागच्या चाकांच्या मागे एक मीटरवर 100 किलो टांगलं आणि पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलं, तर मागच्या ॲक्सलवर 100 नव्हे, 133 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 33 किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग सैल वाटतं आणि ओल्या रस्त्यावर वळणात गाडी ऐकत नाही. पाणी, बॅटरी, स्टेपनी अशा जड वस्तू केबिनच्या पाठीला चिकटून आणि खाली ठेवाव्यात. टपावर गादी-पांघरुणांपलीकडे काही नको. टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असेल तर वाचा, नसेल तर टप मोकळा सोडा.

वजनाचा हिशोब जमला तरी लोक स्प्रिंगच्या पाट्यांना हात लावतातच. मालाची गाडी रिकामी असली की उडते, कारण तिच्या कमानीचे पाटे टन-दीड टन पेलायला घडवलेले असतात. आईच्या कमरेला ते सोसत नव्हतं. एका गॅरेजात तोडगा निघाला, ‘मागचा एक पाटा काढून टाकू, गाडी गादीवानी चालते.’ खरंच मऊ चालली. पुढे पावसाळ्यात अकोल्याहून येताना पातूरच्या घाटात समोर गुरं आली. मी ब्रेक मारला आणि गाडीचा मागचा भाग सरकून आडवा झाला. डाला जवळजवळ रिकामा होता, वेगही बेताचा होता. सगळे सुखरूप राहिले, पण कारण शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

अशा बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. भार पडून गाडी मागून खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, गाडी रिकामी होऊन वर उठली की कमी. पाटा काढल्यावर रिकामी गाडीही खाली बसलेली राहते. व्हॉल्व्हला वाटतं माल भरलेला आहे. हलक्या मागच्या चाकांना तो भरपूर ब्रेक देतो, चाकं जाम होतात आणि मागचा भाग फिरतो. उलट जास्तीचा पाटा चढवला किंवा गाडी उंच केली, की भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात आणि गाडी लांब जाऊन थांबते. पाटा वाढवल्याने गाडीची क्षमताही वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि आरसीमधला आकडा सारं तेच राहतं. आम्ही पाटा परत बसवला, व्हॉल्व्ह जुळवून घेतला, झिजलेले बुश आणि शॉकअब्सॉर्बर बदलले, आणि टायरमधली हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे भारानुसार ठेवायला लागलो. आईच्या सीटचा फोम बदलला. धक्के पुष्कळ कमी झाले, तेही गाडीच्या घडणीला हात न लावता.

मोठ्या टायरांचा मोह पोरांना फार. टायरचा घेर दहा टक्के वाढला की काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी दहा टक्के जास्त पळत असते, आणि ब्रेक मात्र जुनेच. आमच्या काळ्या मातीत तर त्यांचा फायदाही नाही. पांदण रस्त्यावर पाऊस पडला की चिखल टायरच्या खाचांत असा भरतो की त्या नावालाही उरत नाहीत. रिकामी पिकअप अडकते ती मागची चाकं हलकी असल्यामुळे. बरोबर ॲक्सलच्या वर दोन-चार पोती बांधून ठेवली आणि माती वाफशावर यायची वाट पाहिली तर तेवढ्यात काम होतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर टपापर्यंत हवेचं नळकांडं चढवलेलं असलं तरी गाडी घालू नका. ते इंजिनात पाणी जाऊ देत नाही इतकंच. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेतं.

विजेच्या कामात दोनच गोष्टी सांगतो. दुसरी बॅटरी लावली तर तिची तार बॅटरीतून निघते तिथेच फ्यूज हवा, आणि हेडलाइटच्या मूळ वायरिंगला चिरा देऊन जास्तीचे दिवे जोडू नयेत. गाड्या जळतात त्यात अशा जोडकामाचा वाटा मोठा आहे.

पिवळ्या पाटीची ती गाडी आम्ही पुढच्या हंगामानंतर विकली आणि खासगी नोंदणीची, पाच सीटची जुनी डबल केबिन घेतली. अशा पांढऱ्या पाटीच्या पिकअप आपल्याकडे मोजक्याच. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 पासून आणि टोयोटाची हायलक्स 2022 पासून मिळते, आणि दोन्ही महाग. जुनी घेताना आरसीमधला वर्ग आणि सीटची संख्या आधी बघा, रंग नंतर. भाड्याने माल वाहायचा असेल तर ही गाडी चालत नाही, तो धंदा असेल तर पिवळी पाटीच ठेवा आणि घरच्यांसाठी दुसरी सोय करा. समृद्धीवर मालवाहू गाडीला ताशी 80 ची मर्यादा आहे, हेही वेळेचं गणित मांडताना लक्षात असू द्या.

या गाडीला आम्ही एकही वेल्ड मारलेला नाही. डाल्यात प्लायवुडच्या दोन पेट्या आहेत. एकीत भांडी आणि पाच किलोचा लहान सिलिंडर, दुसरीत अंथरूण. डाल्याच्या मूळ कड्यांना त्या पट्ट्यांनी आवळलेल्या असतात. मुक्कामाला गाडी उभी राहिली की पेट्यांवर फळ्या टाकून दोघे झोपतात, बाकीचे खाली तंबूत. सिलिंडर बाहेर काढूनच स्वयंपाक होतो. पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये असतं, कारण अर्धी भरलेली मोठी टाकी वळणावर हिंदकळून गाडीला ओढते. हंगाम आला की हे सारं अर्ध्या तासात खाली उतरतं आणि डाला पोत्यांना मोकळा होतो.

माणसं पाचच बसतात, पट्टे लावून. शेगावला जाताना आई आणि काकू एसटीने पुढे निघतात. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिला तिकीट लागत नाही, काकूला अर्धं पडतं. भावाने पहिल्यांदा कुरकुर केली होती, आता तोच त्यांना स्टँडवर बसवून देतो आणि मग आम्ही गाडी काढतो.