सल्ला कोणाचा घ्यावा?

सॉफ्टवेअर तयार करण्याच्या अनेक पद्धती आहेत. आधी सर्व गरजा लिहून काढाव्यात, मग आराखडा करावा, मग आज्ञावली लिहावी आणि शेवटी तिची चाचणी घ्यावी, ही त्यांतील जुनी रीत. पायरीपायरीने खाली पडणाऱ्या पाण्यावरून तिला 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा पद्धती हे नाव मिळाले. तिचा उगम म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध दाखवला जातो. गंमत अशी, की रॉइस यांनी या क्रमाची आकृती काढली आणि लगेच तो धोक्याचा असल्याचेही लिहिले. चाचणी शेवटी होत असल्यामुळे आराखड्यातील मूळ दोष फार उशिरा कळतात, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी आकृती उचलली. इशारा मात्र निबंधातच राहिला!

पुढे २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी 'अजाइल' विचाराचा जाहीरनामा तयार केला. थोडे थोडे काम पूर्ण करून ग्राहकाला दाखवावे आणि बदलांचे स्वागत करावे, हा त्याचा गाभा. विचार मोलाचा होता. तथापि त्या तज्ज्ञांपैकी अनेक जण स्वतःच एकेका पद्धतीचे प्रवर्तक होते, आणि कालांतराने या पद्धतींचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे देणे हा मोठा व्यवसाय झाला. अशा व्यावसायिकाकडे सल्ला मागितला, तर 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' असा न्याय होण्याचा संभव असतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. ज्याने एकाच वाटेवर यश पाहिले, त्याला दुसरी वाट सहसा सुचत नाही.

म्हणून सल्लागाराला प्रथम विचारावे, 'ही पद्धती कोठे वापरू नये?' स्वतःच्या फसलेल्या कामाचा दाखला देऊन जो उत्तर देतो, त्याचे बोलणे ऐकण्याजोगे असते.

बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ साली दोन्ही पक्षांची बाजू तोलून पाहिली. काम करणाऱ्यांची संख्या व कौशल्य, गरजा बदलण्याचा वेग, संस्थेची कार्यसंस्कृती आणि चूक झाल्यास होणारी हानी यांवर निवड अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. यांतील हानीचा मुद्दा सर्वांत गंभीर होय. दुकानाच्या बिलातील चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या आज्ञावलीतील दोषांमुळे मात्र १९८५ ते १९८७ या काळात काही रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग झाला आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले.