नव्या गिलाव्याचा तलाव आणि त्याचे पाणी

पोहण्याचा तलाव बांधून झाला, गवंड्याने गिलावा गुळगुळीत केला, पाणी सोडले, की काम संपले असे आपण समजतो. वास्तविक पुढचा महिनाभर खरे काम असते, आणि ते गवंड्याचे नसून रसायनशास्त्राचे असते. त्यात हयगय झाली तर गिलावा कायमचा खरबरीत होतो, मुलांचे डोळे चुरचुरतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाण्यातले औषध जंतूंवर चालेनासे होते.

नवागामात राहणारी आपली पुष्कळ कुटुंबे खानदेशातून आलेली. तापीत पोहायला शिकलेली वडील मंडळी विचारतात, नदीला कुठे औषध घालावे लागत होते? प्रश्न रास्त आहे. पण नदीचे पाणी वाहते. तलावात तेच पाणी महिनोन्‌महिने राहते, आणि नव्या भिंतींचा अंश त्यात उतरत असतो.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, तेव्हा त्यातून चुना सुटतो. पानाला लावतो तोच हा चुना. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर, म्हणजे सामूच्या मापात, शुद्ध पाणी ७ वर असते, तर चुन्याची निवळी सुमारे १२.४ वर. तलावाचे पाणी ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावे. नव्या तलावात हा आकडा रोज वर चढू पाहतो.

पुढे काय होते ते आम्ही वर्गात एका पेल्यात दाखवतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधासारखी होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा खडू बनतो. तलावात हवेतला तोच वायू मिसळून गिलाव्यावर खडूचा पांढरा थर बसतो. पण मुलांनी फुंकर चालूच ठेवली तर पाणी पुन्हा निवळते! अधिक वायूने पाणी किंचित आम्ल झाले की खडू विरघळतो. तलावाचे सगळे गणित या पेल्यात आहे. पाणी फार अल्क झाले तर थर चढतो, फार आम्ल किंवा फार हलके झाले तर ते गिलाव्यालाच खाते. हा तोल आकड्यांत मांडण्याची रीत कॅलिफोर्नियातील प्राध्यापक लँगेलियर यांनी १९३६ साली दिली.

औषधाचेही तेच. सामू ७.५ असता पाण्यातल्या क्लोरीनचा निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो, ८.५ झाला की जेमतेम दहावा हिस्सा. अशा वेळी आणखी ब्लीचिंग पावडर टाकणे व्यर्थ, कारण ती स्वतःच अल्क आहे.

म्हणून पहिल्यांदा भरताना पाणी मध्येच थांबवू नये, भिंतीवर पट्टा उमटतो. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा मऊ ब्रशाने भिंती व तळ घासावा. तारेचा ब्रश नको. सामू रोज पाहावा. चढला तर हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडे थोडे द्यावे, तेही बादलीभर पाण्यात मिसळून. पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडात पाणी कदापि ओतू नये. आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याची गाठ पडू देऊ नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे काम मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

सामू एकसारखा वरखाली होत असेल तर पाण्याची क्षारता पाहावी. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असली म्हणजे सामू स्थिर राहतो. घरच्या मुलांना एक उदाहरण घालावे: तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे पाणी ६०,००० लिटर. त्यात एक किलो खाण्याचा सोडा घातला तर क्षारता लिटरला सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते.

पाण्याचा जडपणा लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम चालतो. बोअरचे पाणी बहुधा आधीच जड असते. उन्हाळ्यात तलावातले पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. वर बोअरचेच पाणी भरत गेलो तर जडपणा वाढतच जातो. त्यावर ॲसिडाचा उपाय नाही. काही पाणी काढून टाकून नळाचे हलके पाणी भरावे लागते.