चौकटी ओढून ॲप होतं, मग सात माणसं कशाला?

प्रश्न : आमची सून घरूनच काम करते. तिची कंपनी कारखान्यांसाठी ‘लो-कोड’ ॲप बनवते. पडद्यावर चौकटी ओढून ठेवल्या की फॉर्म तयार, हे मी स्वतः पाहिलंय. तरी रोज सकाळी सात जणांची पंधरा मिनिटं बैठक असते. त्यात एक ‘प्रॉडक्ट ओनर’, आणि सून ‘स्क्रम मास्टर’. पण ती म्हणते, “बाबा, मी कोणाचीच साहेब नाही.” हा काय प्रकार आहे? एखादा हुशार मुलगा हे एकटा करणार नाही का?
— एक निवृत्त वाचक, सुभानपुरा, बडोदे

उत्तर : आपल्या पत्रात दोन शंका आहेत. लो-कोडमुळे नेमकं कोणतं काम वाचतं, ही एक. आणि उरलेल्या कामाला इतकी माणसं का लागतात, ही दुसरी. पहिली सुटली की दुसरी फारशी अवघड राहत नाही.

‘लो-कोड’ हे नाव फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४ साली रूढ केलं; साधनं त्याआधीही होती. झोहो क्रिएटर २००६ पासून आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचं सॉफ्टवेअर ज्या पायावर उभं आहे, त्यात फॉर्मला कोणते रकाने हवेत एवढं सांगितलं की डेटाबेसमधला तक्ता, भरायचा पडदा, नोंदींची यादी हे सगळं आपोआप तयार होतं. कोणी काय पाहावं आणि कोणी मंजुरी द्यावी, हेही खुणा करून ठरवता येतं. म्हणजे वाचते ती प्रोग्रॅम लिहिण्याची मेहनत. काय बनवायचं हे ठरवण्याची मेहनत मात्र तशीच राहते.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. गोरव्याच्या बीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना सुटे भाग प्लेटिंगसाठी बाहेर पाठवतो आणि त्याला गेट पासचं ॲप हवं आहे. फॉर्म सकाळी सुरू केला तर जेवणाआधी होईल. मग प्रश्न सुरू होतात. पाचशे नग गेले, चारशे ऐंशी परत आले, वीस बाद झाले. या विसांची नोंद कुठे? मंजुरी देणारे साहेब रजेवर असतील तर सही कोणाची? शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला, म्हणजे असा बाहेर प्रक्रियेसाठी, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते. मुदत टळली, तर माल गेला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. साचे, डाय, फिक्श्चर यांना मात्र ही मुदत नाही. मग ॲपने इशारा कधी आणि कोणाला द्यायचा? हे साधन स्वतःहून ठरवत नाही.

ही उत्तरं मिळवून आधी काय आणि नंतर काय हे लावणारी व्यक्ती म्हणजे प्रॉडक्ट ओनर. ती एकच असावी लागते. स्टोअर एक सांगतं, अकाउंट्स दुसरं. शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नसेल तर फॉर्म आठवड्यात चारदा बदलतो. लो-कोडमध्ये बदल सोपा असल्यामुळे हा धोका उलट वाढतो.

सूनबाईंची टोळी ज्या पद्धतीने काम करते तिला ‘स्क्रम’ म्हणतात; प्रत्यक्ष बनवणाऱ्या सगळ्यांना तिच्या भाषेत ‘डेव्हलपर’च म्हणतात. त्यात चौकटी जुळवणारा असतो, तपासणारा असतो आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी करण्यासाठी खराखुरा कोड लिहिणाराही असतो. लो-कोड म्हणजे कोड कमी. अजिबात नाही असं नव्हे. कधी कधी कारखान्याच्या अकाउंट्समधला जाणकार माणूसही यात असतो. त्याला काम ठाऊक असतं, पण चालू ॲपमध्ये थेट बदल केला तर मंजुरीच्या वाटेत असलेले जुने गेट पास अडकू शकतात, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

सूनबाई खरंच साहेब नाहीत. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ साली स्क्रम जाहीरपणे मांडलं. त्यांच्या मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर अशा तीनच जबाबदाऱ्या आहेत. मॅनेजर त्यात नाही. स्क्रम मास्टर कामं वाटत नाही. ठरलेली पद्धत पाळली जाते ना ते पाहणं आणि अडथळे दूर करवून घेणं हे तिचं काम. चाचणीसाठी कारखान्याकडून लॉगिन मिळत नसेल, तर त्याचा पाठपुरावा ती करते.

रोजची बैठक ही हजेरी, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. ठरवलेल्या उद्दिष्टाकडे आपण जातोय का, एवढं पाहून त्या दिवसाचं काम लावायचं, म्हणून ती पंधरा मिनिटांची. उभं राहूनच ती घ्यावी असा नियमही नाही. कामाच्या ठरावीक, बहुधा पंधरवड्याच्या, टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असू शकतो. टप्प्याच्या शेवटी चालतं ॲप गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि पुढच्या वेळी काय सुधारायचं ते आपसांत बोलायचं.

स्क्रम ज्या विचारात मोडतं, त्याला ‘ॲजाइल’ म्हणतात. ‘ॲजाइल म्हणजे नियोजन नको, कागद नको’ हाही गैरसमजच. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाह राज्यात सतरा जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चालत्या सॉफ्टवेअरला सविस्तर दस्तऐवजांपेक्षा अधिक मोल दिलं आहे, पण दस्तऐवजांनाही मोल आहे, असं तिथेच म्हटलं आहे.

आता एकट्या हुशार मुलाबद्दल. दहा जणांच्या ऑफिसचा रजेचा अर्ज तो खुशाल करेल. त्याला स्क्रमचा थाट लावणं म्हणजे हसं करून घेणं. पण ज्या ॲपवर माल फाटकाबाहेर जातो आणि कराची मुदत मोजली जाते, ते एकाच्याच डोक्यात राहिलं तर तो नोकरी बदलेल त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावायला धजणार नाही. म्हणून ॲप एकट्याने बनवलं, तरी निर्णय कोणाचा आणि तपासणी कोणाची ही दोन नावं पहिल्याच दिवशी लिहून ठेवावीत. आणि ती दोन्ही नावं बनवणाऱ्याची नसावीत.