छातीची लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया : पद्धती, परिणाम आणि पाठपुरावा

(अभ्यास-लेख)



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांसमवेत एखाद्या वैद्यकीय विषयाचा सोप्या भाषेत परिचय करून द्यावा, असा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय अनेकांना अपरिचित वाटेल; काहींना तो अवघडही वाटेल. परंतु पारलिंगी व्यक्तींच्या शस्त्रक्रियांविषयी पालक संकोचाने विचारणा करतात आणि देणगीदार स्पष्टपणे विचारतात, की हा सौंदर्यवर्धनाचा प्रकार असेल, तर धर्मादाय निधीतून त्यास साहाय्य का करावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे उचित ठरेल. आम्ही प्रशासनातील माणसे आहोत, वैद्य नव्हे; म्हणून निर्विवाद तेवढेच येथे मांडत आहोत.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगी म्हणून झाली, पण जिला स्वतःची ओळख पुरुष म्हणून आहे, अशा व्यक्तीस पारलिंगी पुरुष म्हणतात. पुरुषी संप्रेरकांच्या उपचाराने दाढी-मिशा येतात, आवाज जाड होतो. परंतु वाढलेले स्तन मावळत नाहीत. ते झाकण्यासाठी कित्येकजण वर्षानुवर्षे छाती घट्ट बांधून ठेवतात. पाठदुखी, बरगड्यांचे दुखणे, श्वास अपुरा पडणे आणि त्वचेचे विकार हे त्याचे परिणाम होत. उकाड्याच्या दिवसांत बारा-बारा तास छाती आवळून कामावर जाणाऱ्या तरुणाची अवस्था कोणासही कल्पिता येईल.

पारलिंगी स्त्रियांसाठी याच्या उलट, म्हणजे कृत्रिम रोपण बसवून स्तनांना आकार देण्याची शस्त्रक्रिया असते. संप्रेरकांनी मुळात किती वाढ होते हे पाहूनच तिचा विचार केला जातो. या लेखात पहिल्या प्रकाराचाच विस्तार केला आहे.

पूर्वपीठिका

ही विद्या आजची नव्हे. पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवर शस्त्रक्रिया कशी करावी, याचे वर्णन सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना याने करून ठेवले आहे. लहान स्तनासाठी एक चंद्राकृती छेद आणि लोंबणाऱ्या मोठ्या स्तनासाठी दोन छेद देऊन मधली त्वचा काढून टाकणे, ही त्याची विभागणी आजही तत्त्वतः कायम आहे. इंग्लंडमधील मायकेल डिलन यांच्यावर १९४२ साली ब्रिस्टल येथे अशी शस्त्रक्रिया झाली. ते पुढे स्वतः डॉक्टर झाले, भारतात येऊन त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली आणि १९६२ साली डलहौसी येथे त्यांचे निधन झाले.

तीन प्रमुख पद्धती

कर्करोगासाठी स्तन काढताना रोग निर्मूल करणे हाच हेतू असतो. येथे मात्र छाती पुरुषाच्या छातीसारखी दिसली पाहिजे. म्हणून त्वचेखाली चरबीचा पुरेसा थर राखतात, स्तनाखालची घडी मोडून टाकतात आणि स्तनाग्रे आकाराने लहान करून योग्य जागी आणतात. कोणती पद्धत वापरायची हे रुग्णाची आवड किंवा दरपत्रक ठरवीत नाही. स्तनाचा आकार आणि त्वचेची लवचिकता या दोन गोष्टी ते ठरवितात.

१. अर्धवर्तुळाकार छेद : स्तन लहान आणि त्वचा घट्ट असल्यास स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद देऊन आतील ग्रंथी काढतात. व्रण जवळजवळ दिसत नाही आणि संवेदना टिकण्याची शक्यता अधिक असते. मात्र काम अरुंद वाटेने होत असल्याने आत रक्त साचण्याचा धोका राहतो.

२. वर्तुळाकार छेद : मध्यम आकारासाठी त्या वर्तुळाभोवतीची त्वचा कंकणासारखी काढून उरलेली त्वचा बटव्याच्या नाडीप्रमाणे आवळून घेतात. आरंभी चुण्या दिसतात, त्या काही महिन्यांत बऱ्याच अंशी बसतात. व्रण रुंद होणे वा वर्तुळ पुन्हा ताणले जाणे संभवते.

३. दुहेरी छेद व स्तनाग्राचे कलम : मोठ्या स्तनांसाठी छातीच्या स्नायूच्या खालच्या कडेने आडवा छेद देतात, जादा त्वचा काढतात आणि स्तनाग्र वेगळे करून, लहान करून, नव्या जागी त्वचेच्या कलमाप्रमाणे लावतात. छाती उत्तम सपाट होते. परंतु आडवे व्रण कायम राहतात, स्तनाग्राची संवेदना बहुतांशी जाते आणि त्याचा रंग फिका पडू शकतो. आपल्याकडील सावळ्या वर्णावर हे डाग अधिक उठून दिसतात. व्रण जाड होण्याची प्रवृत्तीही अशा त्वचेत अधिक असते. त्यासाठी सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा व्रणात इंजेक्शने द्यावी लागतात. हे सारे रुग्णास आधीच सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर

पारलिंगी आरोग्यासाठीच्या जागतिक व्यावसायिक संघटनेने २०२२ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती प्रसिद्ध केली. लिंगभावातील विसंगती दीर्घकाळ टिकून आहे काय, परिणामांची जाणीव ठेवून संमती देण्याची क्षमता आहे काय, इतर शारीरिक-मानसिक विकारांचा विचार झाला आहे काय, या गोष्टी जाणकार तज्ज्ञाने पाहाव्यात असे त्यात अपेक्षित आहे. पुढे स्तनपान शक्य होईल असे गृहीत धरता येत नाही, हेही रुग्णास ठाऊक असावे.

तंबाखूविषयी विशेष सांगितले पाहिजे. विडी-सिगारेट असो, गुटखा असो वा मिसरी. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि कलम मृत होऊ शकते. म्हणून किमान चार आठवडे आधीपासून सर्व प्रकार बंद करण्यास सांगतात.

रक्त साचण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो. एका बाजूस अचानक सूज व वेदना वाढल्यास रुग्णास तातडीने शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. कलमावरील बांधलेली पट्टी साधारण आठवड्याने काढतात. दाब देणारे जाकीट काही आठवडे वापरावे लागते आणि सुमारे सहा आठवडे जड वजन उचलता येत नाही. हातावर पोट असलेल्या माणसासाठी हा दीड महिना बिनपगारी असतो, हे नातेवाइकांनी ध्यानी घ्यावे.

काढलेले ऊतक विकृतिशास्त्र विभागाकडे तपासणीस पाठविणे इष्ट असते. छातीत काही ग्रंथी मागे राहत असल्याने कर्करोगाची शक्यता पुष्कळ घटते, पण शून्य होत नाही. घराण्यात हा रोग असेल, तर पुढेही तपासणी चालू ठेवावी.

आकडे काय सांगतात?

बेल्जियममधील गेंट येथील शल्यविशारद मॉन्स्ट्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ व्यक्तींवरील, म्हणजे १८४ स्तनांवरील शस्त्रक्रियांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध केला. गुंतागुंतीचे प्रमाण १२.५ टक्के होते. परंतु आकार सुधारण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्याचे प्रमाण ३२.१ टक्के होते. हा दुसरा आकडा आमच्या दृष्टीने अधिक बोलका आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. २३५ पात्र व्यक्तींपैकी १३९ जणांनी उत्तरे दिली. शस्त्रक्रियेस लोटलेला मध्यक काळ ३.६ वर्षे होता. निर्णयाविषयीच्या समाधानाचा मध्यक पाचपैकी पाच आणि पश्चात्तापाचा मध्यक शंभरपैकी शून्य आला. समाधानाची ही पातळी दुर्मीळच म्हणावी लागेल. तथापि ९६ जणांची उत्तरे आली नाहीत, हेही हिशेबात धरले पाहिजे. उत्तर न देणारा समाधानी आहे की निराश, हे ताळेबंदावरून सांगता येत नाही. म्हणूनच पाठपुराव्याचे मोल.

निधीची बाजू

कायद्याची भूमिका स्पष्ट होत गेली आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नाल्सा' निवाड्यात पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केले आणि ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरविली. २०१९ साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली या समाजासाठी प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतच्या विमासंरक्षणाचा करार केंद्र शासनाने केला. सक्ती नसतानाही एखादी प्रौढ व्यक्ती विचारपूर्वक ही शस्त्रक्रिया मागते, तेव्हा ती कागदपत्रांसाठी नव्हे, जगणे सुसह्य व्हावे म्हणून मागते. भाजलेल्या चेहऱ्यावरील वा दुभंगलेल्या ओठावरील शस्त्रक्रियेस आपण सौंदर्यवर्धन म्हणत नाही. ही शस्त्रक्रियाही त्याच पंक्तीत बसते, असे आमचे नम्र मत आहे.

मात्र साहाय्य करावयाचे, तर पूर्ण करावे. भूल, शस्त्रक्रियागृह आणि खाट एवढेच अंदाजपत्रकात धरले, तर सुमारे तिघांतील एकास भासणारी दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज कोणाच्याच खात्यात नोंदली जात नाही. आणि गरीब रुग्ण अर्ध्या वाटेवर थांबतो. समुपदेशन, विकृतिशास्त्र तपासणी, दाबाचे जाकीट, व्रणावरील उपचार, पुनर्तपासणीसाठी येण्या-जाण्याचा खर्च आणि आवश्यक तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया, हे सर्व पहिल्याच अंदाजपत्रकात यावे. या तत्त्वाने दहाऐवजी सहाच रुग्णांस साहाय्य होऊ शकले, तरी ते सहाजण पूर्ण बरे होऊन घरी जातील. देणगीदारांनी आपली देणगी देताना या शेवटच्या टप्प्याचा आवर्जून विचार करावा, अशी आमची प्रार्थना आहे.

नातेवाइकांस एवढेच सांगणे, की पट्टी बदलताना शेजारी बसणारे आणि नव्या नावाने हाक मारणारे घरचे माणूस कोणत्याही निधीतून पुरविता येत नाही. तेवढा वाटा आपण उचलावा.